दोन दारांची मंडळी

१५२५ सालचा जानेवारी, तारीख एकवीस. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात, ग्रोसम्युन्स्टर या मोठ्या चर्चपासून थोड्याच अंतरावर, फेलिक्स मान्त्स या तरुण विद्वानाच्या घरी काही माणसे गोळा झाली होती. सगळ्यांच्या मनात धाकधूक होती, असे त्यांच्या पंथाच्या जुन्या बखरीत लिहिले आहे. माणसे गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. प्रार्थना संपल्यावर गेओर्ग ब्लाउरॉक नावाचा एक माजी धर्मगुरू उठला आणि कॉनराड ग्रेबेल या मित्राला म्हणाला, मला बाप्तिस्मा दे. ग्रेबेलने दिला. मग ब्लाउरॉकने बाकीच्यांना दिला.

जमलेल्यांपैकी प्रत्येकाचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला होता. त्यामुळे कायद्याच्या नजरेत हा दुसरा बाप्तिस्मा होता, आणि दुसरा बाप्तिस्मा हा रोमन साम्राज्याच्या काळापासून देहान्त शिक्षेचा गुन्हा होता. जमलेल्यांचे म्हणणे वेगळे होते. तान्हेपणी झाला तो बाप्तिस्माच नव्हता, कारण त्यात आमचा विश्वास नव्हता, असे ते म्हणत.

माणूस मंडळीचा सभासद होतो तो केव्हा? आईबाप त्याला उचलून चर्चमध्ये आणतात तेव्हा, की तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन स्वतःच्या तोंडाने कबुली देतो तेव्हा? या एका प्रश्नावरून युरोपात माणसे बुडवली गेली, जाळली गेली, मंडळ्या फुटल्या, लोक समुद्रापार गेले. त्याच प्रश्नावर साडेचारशे वर्षांनी आपल्या नागपुरात एक लेखी तोडगा अमलात आला. तो तोडगा एवढा मोलाचा का, हे कळण्यासाठी मधला प्रवास पाहावा लागतो.

पाण्यापर्यंतची तीन वर्षे

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती होणे धोक्याचे होते. रोमन सत्ता केव्हा धरपकड करील याचा नेम नसे. त्यामुळे मंडळीही येणाऱ्याला पारखून घेई. हिप्पोलितसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या जुन्या ग्रंथात त्याचे नियम सापडतात. येणाऱ्याने तीन वर्षे शिकवण ऐकायची. त्याचा धंदा काय, याची चौकशी व्हायची. वेश्यागृह चालवणाऱ्याला किंवा आखाड्यात माणसे मारणाऱ्या ग्लॅडिएटरला आधी तो धंदा सोडावा लागे. शेवटी उपास, रात्रभर जागरण, आणि कोंबडा आरवण्याच्या वेळी पाण्याशी जायचे. तिथे तीन प्रश्न, तीन वेळा होकार आणि तीन वेळा पाणी.

याच ग्रंथात आणखी एक सूचना आहे. आधी मुलांचा बाप्तिस्मा करा, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने आईबापांनी किंवा घरच्या कुणी उत्तर द्यावे. म्हणजे विचारपूर्वक आलेले प्रौढ आणि कडेवरची बाळे, दोघेही त्या पाण्याशी होते. त्यावर वादही तेव्हाचाच. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन विचारत होता की लहानग्यांच्या बाबतीत एवढी घाई कशाला, त्यांना समजू लागेपर्यंत थांबावे.

चौथ्या शतकात तर थांबण्याचीच चाल पडली. बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या मोठ्या पापाचे प्रायश्चित्त फार कडक असल्याने लोक तो लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीनची आई मोनिका श्रद्धावान ख्रिस्ती, तरी त्याचा बाप्तिस्मा ३८७ च्या ईस्टरला मिलान शहरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झाला. पुढे याच ऑगस्टीनने मूळ पापाची शिकवण ठामपणे मांडली. माणूस जन्मतःच पापाच्या छायेत येतो, म्हणून बाप्तिस्म्याशिवाय बाळ दगावले तर त्याचे काय, या काळजीने पश्चिमेकडचे आईबाप घाई करू लागले. ३८० साली थिओडोसियसने ख्रिस्ती श्रद्धा साम्राज्याचा धर्म केल्यावर उरलेले अंतरही मिटत गेले. बाळ जन्मले की बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्मा झाला की ते राजाची प्रजा व मंडळीचे सभासद.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी बाप्तिस्मा, पवित्र तेलाचा अभिषेक आणि प्रभुभोजन हे तिन्ही संस्कार एकत्र ठेवले. आजही तिथे तान्ह्या बाळाला हे तिन्ही मिळतात. पश्चिमेत अभिषेकाचा अधिकार बिशपकडे राहिला, बिशप गावोगाव लवकर पोहोचत नसे, आणि संस्कार एकमेकांपासून सुटे झाले. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांत आज दिसणारा क्रम तिथून आला आहे. बाळाचा बाप्तिस्मा आधी, पहिले कम्युनियन म्हणजे प्रभुभोजन जाणत्या वयात, आणि अभिषेकाचे दृढीकरण वेगळे.

लिमात नदी

झुरिकमध्ये १५१९ पासून उलरिक झ्विंग्ली उपदेश करत होता. पवित्र शास्त्रात जे नाही ते मंडळीत नको, ही त्याची कसोटी होती. उपासाचे नियम गेले, चर्चमधल्या मूर्ती गेल्या. त्याच्याच हाताखाली ग्रीक शिकलेल्या ग्रेबेल आणि मान्त्स यांनी तीच कसोटी बालकांच्या बाप्तिस्म्याला लावली. बाळाचा बाप्तिस्मा करा, अशी स्पष्ट आज्ञा शास्त्रात दाखवा, असे ते म्हणू लागले. झ्विंग्लीचे उत्तर असे की इस्राएली बाळाची आठव्या दिवशी सुंता होई तो देवाच्या कराराचा शिक्का होता, ख्रिस्ती घरात तीच जागा बाप्तिस्म्याची आहे. देव आधी आपलेसे करतो, माणसाचे उत्तर मागून येते.

१७ जानेवारी १५२५ रोजी नगरसभेपुढे वाद झाला. सभेने झ्विंग्लीच्या बाजूने निकाल दिला आणि हुकूम काढला की राहिलेल्या सर्व बाळांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत उरकावा, नाहीतर शहर सोडावे. ग्रेबेलच्या घरी त्या वेळी नुकतीच जन्मलेली मुलगी होती आणि तिचा बाप्तिस्मा त्याने केलेला नव्हता. हुकूम थेट त्याच्या पाळण्यापर्यंत आला होता. त्यानंतर चारच दिवसांनी मान्त्सच्या घरची ती बैठक झाली.

नगरसभेला एवढी धास्ती का वाटली? बाप्तिस्मा ही शहराच्या रहिवाशाची खूण होती. ज्या गावात प्रत्येकजण जन्माने मंडळीत असतो, तिथे मंडळी आणि गाव एकच असते. पण मंडळीत यायचे की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे म्हटले, तर काही लोक नाही म्हणणार. मग नगरसभेची आज्ञा माणसाच्या आत कुठपर्यंत चालणार? जवळच्या झोलिकॉन गावचे शेतकरी एकापाठोपाठ एक बाप्तिस्मा घेऊ लागले तेव्हा सभेचा धीर सुटला. बाळे कुणी लपवत नाही ना हे कळावे म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या सुरू झाल्या. मार्च १५२६ मध्ये कायदा झाला की दुसरा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारावे.

५ जानेवारी १५२७ या दिवशी फेलिक्स मान्त्सला नदीतल्या तुरुंगाच्या बुरुजातून बाहेर काढून होडीत बसवले. हात बांधले, बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली ओढले आणि गुडघे व दंड यांच्यामधून काठी घातली, म्हणजे हातपाय हलू नयेत. काठावर त्याची आई आणि भाऊ उभे होते. ढळू नकोस, असे ते त्याला ओरडून सांगत होते. हे त्याच्या विरोधकांपैकी असलेल्या बुलिंगरने नोंदवून ठेवले आहे. देवाच्या हाती आत्मा सोपवणारे लॅटिन वचन गात मान्त्स लिमातच्या थंड पाण्यात गेला. प्रोटेस्टंटांनी प्रोटेस्टंटाचा घेतलेला हा पहिला बळी समजला जातो. ग्रेबेल आदल्या वर्षी प्लेगने गेला होता. ब्लाउरॉकला १५२९ मध्ये टिरोलमध्ये जाळले. त्याच वर्षी श्पायरच्या परिषदेने साऱ्या साम्राज्यात दुसऱ्या बाप्तिस्म्याला मृत्यूची शिक्षा ठरवली. त्या परिषदेत कॅथलिक आणि लूथरवादी राजे एकमेकांशी भांडत होते, पण या मुद्द्यावर त्यांचे जमले.

छळ सोसणारेही सत्ता हातात येताच काय करतात, हे म्युन्स्टर शहराने दाखवले. १५३४ साली तिथे प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्यांतल्याच एका उग्र गटाने शहर ताब्यात घेतले. बाप्तिस्मा घ्या, नाहीतर भर फेब्रुवारीत वेशीबाहेर व्हा, असा हुकूम सुटला. बाप्तिस्मा स्वखुशीने घ्यायचा असतो, या स्वतःच्याच तत्त्वाचा त्यांनी गळा घोटला. पुढच्या वर्षी शहर पडले आणि नंतर पुढाऱ्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्याला टांगली गेली. ते पिंजरे आजही तिथे आहेत. पांगलेल्या लोकांना शांततेच्या वाटेवर आणले मेनो सिमन्सने. १५३६ मध्ये कॅथलिक धर्मगुरुपद सोडून तो त्यांच्यात आला. त्याच्या नावावरून त्यांना मेनोनाइट म्हणतात.

या लोकांनी सभासदत्वाला नवा अर्थ दिला. १५२७ च्या श्लाइटहाइम येथील सात कलमांत ठरले की पश्चात्ताप करून स्वतः मागेल त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, आणि वागणूक बिघडली तर आधी दोनदा एकांतात, मग सर्वांसमोर समज देऊन शेवटी त्याला बाहेर करावे. ज्या मंडळीत स्वतःहून येता येते, तिथून बाहेर जाण्याचीही वाट असते. युरोपला हे नवीन होते.

दोन बाजू वाटतात तेवढ्या लांब नाहीत

इंग्लंडमधून परागंदा होऊन आम्स्टरडॅमला आलेल्या जॉन स्मिथने १६०९ मध्ये स्वतःच स्वतःवर पाणी ओतून बाप्तिस्मा घेतला, आणि मग सोबत्यांना दिला. त्यांच्यापैकी थॉमस हेल्विस १६१२ साली मायदेशी परतला आणि त्याने लंडनमध्ये इंग्लिश भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी केली. राजाचा अधिकार प्रजेच्या आत्म्यावर चालत नाही, मग ती प्रजा ख्रिस्ती असो, यहुदी असो की मुसलमान, असे त्याने छापून राजापर्यंत पोहोचवले. तो तुरुंगात गेला आणि तिथेच मेला. बाप्तिस्म्याच्या वयावरून सुरू झालेला वाद धर्मस्वातंत्र्याच्या मागणीपर्यंत कसा गेला, ते या एका माणसाच्या आयुष्यात दिसते.

बाप्टिस्टांत पुढे पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत पक्की झाली. मग प्रश्न आला की तान्हेपणी पाणी शिंपडून बाप्तिस्मा झालेल्या माणसाला प्रभुभोजनाला बसू द्यावे का. बरेच जण नको म्हणत. बेडफर्डच्या मंडळीचा पाळक जॉन बन्यन, तोच ‘यात्रेकरूची वाटचाल’ लिहिणारा, याने १६७३ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की पाण्याच्या बाप्तिस्म्याविषयीचा मतभेद सहभागितेच्या आड येऊ नये. त्याच्याच लोकांनी त्याला धारेवर धरले.

दुसऱ्या बाजूची अडचण अमेरिकेत उघडी पडली. न्यू इंग्लंडमधल्या कॉंग्रिगेशनल मंडळ्या बाळांचा बाप्तिस्मा करत, पण पूर्ण सभासद व्हायचे तर मंडळीपुढे उभे राहून देवाने आपल्याला कसे पालटले ते सांगावे लागे. बाप्तिस्मा झालेली मुले मोठी झाली, सज्जनपणे संसार करू लागली, पण असा अनुभव आपल्याला आला आहे असे प्रामाणिकपणे सांगणे त्यांना जमेना. मग त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा करायचा की नाही? १६६२ मध्ये बॉस्टनच्या परिषदेने मधला मार्ग काढला. अशा आईबापांनी विश्वासाची तत्त्वे मान्य केली तर त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, मात्र प्रभुभोजन आणि मताचा हक्क त्या आईबापांना नसावा.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. बाळांचा बाप्तिस्मा करणाऱ्यांनाही शेवटी माणसाच्या स्वतःच्या तोंडची कबुली हवीच होती. आणि प्रौढांचा बाप्तिस्मा करणारेही आपल्या बाळांना देवाच्या प्रेमाबाहेरची समजत नव्हते, त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्यांना देवाला अर्पण करत होते. देवाने आधी दिलेली कृपा आणि माणसाने मागून दिलेले उत्तर, दोघांच्याही शिदोरीत हे दोन्ही होते. वाद होता तो पाणी या दोहोंपैकी कशाच्या वेळी, याचा. पण दीडदोनशे वर्षांच्या रक्ताने आणि अपमानाने हे दिसण्याची दृष्टी झाकली गेली होती.

जहाजातला मतपालट

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कॉंग्रिगेशनल मंडळ्यांनी आपले पहिले मिशनरी दोन जहाजांतून हिंदुस्थानकडे धाडले. एका जहाजात ॲडोनिराम जडसन होता. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी हा बाप्टिस्ट भेटणार, हे त्याला माहीत होते. केरीने २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराला बुडवून बाप्तिस्मा दिला होता. पुढे याच केरीने मराठी व्याकरण छापले. बाळांच्या बाप्तिस्म्याची बाजू त्याच्यापुढे मांडता यावी म्हणून जडसन जहाजावर ग्रीक नवा करार घेऊन बसला. अभ्यास करता करता त्यालाच वाटू लागले की बाजू केरीची बरोबर आहे. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कोलकात्यात त्याने आणि त्याच्या पत्नीने बुडवून बाप्तिस्मा घेतला. मागाहून आलेल्या ल्यूथर राइसनेही तेच केले. ज्या मंडळ्यांनी पाठवले त्यांच्याशी नाते तोडून जडसन ब्रह्मदेशात गेला.

उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. पुढे अहमदनगर हे त्या मिशनचे मोठे ठाणे बनले. नगरच्या मंडळ्यांत बाळांचा बाप्तिस्मा होत आला याचे कारण त्या प्रवासातल्या फाटाफुटीत आहे.

मुंबईत झुरिकचाच प्रश्न निराळ्या वेषात कोर्टात उभा राहिला. १८३९ मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी पारशी समाजाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. स्वतःचे बरेवाईट कळण्याच्या वयाचा आहे, कुठे राहायचे ते तोच ठरवील, असे कोर्टाने सांगितले. १८४३ मध्ये ब्राह्मण तरुण नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा लहान भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो बारा वर्षांच्या आसपासचा, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यावे का, यावर मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी कंबर कसली. माणूस स्वतःच्या नावाने बोलू शकतो तो कोणत्या वयात, हे नगरसभेऐवजी आता न्यायाधीश ठरवत होते.

इथे बाप्तिस्म्याची किंमत वेगळी होती. झुरिकमध्ये तो न करणे हा गुन्हा होता, महाराष्ट्रात तो घेतला की घर, गोत, पंगत आणि वडिलोपार्जित हिस्सा या सगळ्यांवर पाणी सोडावे लागे. वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा झाला, पण तुटलेली नाती कायद्याने जुळत नाहीत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने निर्णय घ्यायला पाच वर्षे लावली. टिळकांनीच १९१७ मध्ये मिशन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ख्रिस्ताच्या ज्या शिष्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ज्यांनी घेतला नाही, त्या दोघांनाही त्या दरबारात जागा होती. पाणी हीच सभासदत्वाची एकमेव खूण मानावी का, हा प्रश्न त्यांनी कृतीने विचारला. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार वाढण्याआधीच पोरका झाला.

एकेचाळीस वर्षांची बोलणी

मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. नगरचा ख्रिस्ती कॉंग्रिगेशनल झाला, नागपूरचा स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, डहाणूचा ब्रदरन. हे पंथ कुणी पारखून निवडले नव्हते, जिल्ह्याने ठरवले होते. मुंबईच्या गिरणीत किंवा नागपूरच्या रेल्वेत एकत्र काम करणाऱ्या ख्रिस्ती माणसांना, आपण एका टेबलाशी प्रभुभोजन का घेऊ शकत नाही, याचे उत्तर युरोपच्या इतिहासात शोधावे लागत होते.

१९२९ मध्ये लखनौला उत्तर भारतातल्या मंडळ्यांची गोलमेज परिषद भरली. १९५१ पासून रीतसर वाटाघाटी समिती बसली. तोवर दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले होते. पण तिथे एकत्र आलेल्या अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि कॉंग्रिगेशनल मंडळ्या सगळ्या बाळांचा बाप्तिस्मा करणाऱ्याच होत्या. तिथला कळीचा मुद्दा बिशपांच्या अधिकाराचा होता. उत्तरेत मात्र बोलण्याच्या मेजाशी बाप्टिस्ट होते. डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट ही प्रौढांना बुडवून बाप्तिस्मा देणारी अमेरिकन मंडळी होती. आणि गुजरात व डहाणू भागातले ब्रदरन होते. ब्रदरनांची सुरुवात १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी एडर नदीत आठ जणांच्या बाप्तिस्म्याने झाली. बाप्तिस्मा घेणारा पाण्यात गुडघे टेकतो आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला तीनदा पुढे वाकवून बुडवतात. पहिल्या दिवशी म्होरक्याला बाप्तिस्मा कोणी दिला हे त्या आठ जणांनी कधीच उघड केले नाही. पुढे त्याच्या नावाने पंथ निघू नये, ही त्यामागची काळजी.

अशा लोकांना अँग्लिकनांच्या शेजारी कसे बसवायचे? वाटाघाटी समितीने आखलेल्या एकीकरणाच्या योजनेने वाद मिटल्याचा आव आणला नाही. बाळाचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच मंडळीत पर्यायी म्हणून राहतील, असे तिने ठरवले. एका घरातले आईबाप बाळाला पाण्याशी आणतील, आणि ते मूल जाणते झाल्यावर मंडळीपुढे आपल्या विश्वासाची कबुली देईल. दुसऱ्या घरातले आईबाप बाळाला प्रार्थनेने देवाला अर्पण करतील, आणि ते मूल जाणते झाल्यावर कबुली देऊन बाप्तिस्मा घेईल. एकाच वाड्याला दोन दरवाजे असावेत आणि चौक एकच असावा, तशी ही रचना. प्रभुभोजनाचे पूर्ण सभासदत्व कोणत्याही वाटेने आले तरी स्वतःच्या कबुलीनंतरच. बाळाचा बाप्तिस्मा करणे एखाद्या पाळकाच्या विवेकबुद्धीला पटत नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही, तिथे दुसऱ्या पाळकाची सोय करायची.

सगळ्यात नाजूक जागा पुढे होती. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाने मोठेपणी म्हटले, की माझ्या विवेकाला स्वस्थता नाही, मला बुडून बाप्तिस्मा घ्यायचा आहे, तर काय करायचे? मान्त्सची मागणीही मुळात अशीच होती. अँग्लिकनांच्या दृष्टीने बाप्तिस्मा एकदाच होतो, दुसऱ्यांदा देणे म्हणजे पहिला खोटा ठरवणे. बाप्टिस्टांच्या दृष्टीने अशा माणसाला अडवणे म्हणजे त्याच्या विवेकावर जुलूम. योजनेने सरसकट हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. अशा माणसाशी पाळकाच्या मायेने बोलावे आणि प्रकरण बिशपांच्या सल्ल्यासाठी व मार्गदर्शनासाठी पाठवावे, एवढेच लिहिले. काहींना ही पळवाट वाटली. माझ्या मते योजनेतले सर्वांत शहाणे वाक्य तेच होते. ज्या प्रश्नावर हुकूम काढून झुरिकने माणूस बुडवला, त्या प्रश्नावर हुकूम न काढण्याचे धैर्य त्यात आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्यांनी आपले वेगळेपण विसर्जित केले. अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन व कॉंग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया; ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट; बाप्टिस्ट; ब्रदरन; आणि डिसायपल्स. सहाही परंपरांच्या सेवकांचे हस्तार्पणाने आणि प्रार्थनेने एकीकरण झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. एरिक नासिर पहिले मॉडरेटर, म्हणजे मंडळीचे प्रमुख, झाले. बाळांचा बाप्तिस्मा करणाऱ्या मंडळ्या आणि बाप्टिस्ट यांचे बिशपांसह एका मंडळीत असे विलीनीकरण जगात त्याआधी झाले नव्हते.

हिशेब

या घटनेची उणी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी शेवटच्या काही महिन्यांत बाहेर पडली. ईशान्य भारतातल्या मोठ्या बाप्टिस्ट मंडळ्या आल्याच नाहीत. गुजरातेत काही ब्रदरन वेगळे झाले आणि चर्चच्या जमिनी व इमारतींवरून खटले दशकानुदशके चालले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून ब्रदरनांच्या विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही, त्याला कायद्याची वाट चालावी लागते. बाप्तिस्म्याचा प्रश्न सुटला आणि सातबारा अडला, ही खंत खरी आहे. कोर्टकचेरीने किती पाळकांची वर्षे आणि किती मंडळ्यांचा पैसा खाल्ला, याचा विचार या मंडळीच्या कारभाऱ्यांनी करायलाच हवा.

तरी बाप्तिस्म्याची तरतूद टिकली, आणि जगही त्याच दिशेने सरकले. १९८२ मध्ये पेरूमधल्या लिमा येथे जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाने बाप्तिस्म्यावरचा दस्तऐवज स्वीकारला. बाळाच्या बाप्तिस्म्यामागून येणारी कबुली आणि कबुलीसह होणारा बाप्तिस्मा, या दोन्ही वाटांकडे मंडळ्यांनी एकमेकांना समजून घेत पाहावे, हा त्याचा रोख होता. २००४ मध्ये झुरिकमध्ये लिमातच्या काठावर मान्त्स आणि बुडवल्या गेलेल्या इतरांच्या स्मरणार्थ शिलाफलक बसला. २०१० मध्ये श्टुटगार्टला जागतिक लूथरन महासंघाने मेनोनाइटांची पूर्वजांच्या छळाबद्दल क्षमा मागितली.

बाप्तिस्मा केव्हा द्यावा यावर मंडळ्यांचे एकमत आजही नाही, आणि ते व्हायलाच हवे असे मला वाटत नाही. बाळाला पाण्याशी आणणारे देवाच्या आधी पोहोचणाऱ्या कृपेची साक्ष देतात. प्रौढपणी पाण्यात उतरणारे माणसाच्या मोकळ्या होकाराची साक्ष देतात. दोन्ही साक्षी एका मंडळीत राहू शकतात, हे नागपूरच्या योजनेने नियम लिहून सिद्ध केले. आज आंतरपंथीय लग्ने होतात, शहराशहरांत नव्या स्वतंत्र मंडळ्या निघतात आणि तिथे जाणाऱ्याला पुन्हा विचारले जाते की तुझा बाप्तिस्मा खरा की खोटा. असा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक पाळकाने आणि पंचमंडळाने आधी नागपूरच्या त्या योजनेतले बाप्तिस्म्याचे कलम वाचावे, आणि समोरच्या माणसाने दिलेली कबुली ऐकून मगच निर्णय द्यावा.